बागेला विश्रांती, आम्हाला दमण

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या काळात आम्ही नवरा-बायको मिळून जिथे जिथे गेलो त्यांची यादी अगदी छोटी आहे: नातेवाइकांची लग्नं, नातेवाइकांचे दहावे आणि कृषी प्रदर्शनं. त्यातल्या कृषी प्रदर्शनांना मी हौसेने जाते असा नानांचा आजही समज आहे.

नाना म्हणजे माझे यजमान. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, मग मीही लिहिताना तेच म्हणते. आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, आणि बाग असलेल्या माणसाला घर सोडता येत नाही हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत शिकले. ऑक्टोबरात छाटणी. छाटणी झाली की डावणीची भीती, डावणी गेली की भुरी. हे दोन्ही वेलींचे रोग, पण मी त्यांना माझ्या सवतीच समजते, कारण नाना रात्री दचकून उठतात ते त्यांच्याच नावाने. भुरी आटोक्यात आली की अवकाळी पाऊस, मग व्यापारी. महाबळेश्वरला जायचं तीनदा ठरलं. तिसऱ्या वेळी तर बॅग गाडीत ठेवून झाली होती. तेवढ्यात पूर्वेला बोटभर ढग दिसला. नाना त्याच्याकडे बघत म्हणाले, "अमोलची आई, बॅग उतरव." ती बॅग तेव्हापासून माळ्यावरच होती.

ठरवाठरवी

या वर्षी मार्चअखेरीस शेवटचा माल गेला आणि नाना ओट्यावर बसून येईल त्याला सांगू लागले, "आता बागेला विश्रांती. वर्षभर राबलीये बिचारी. तिला जरा पडू द्यायचं."

ही विश्रांती खरीच असते. द्राक्षं काढून झाली की एप्रिलच्या खरड छाटणीआधी वेलींना थोडे दिवस नुसतं उभं राहू देतात. काही कापायचं नाही, काही मागायचं नाही. मी भाकरी थापत ते ऐकत होते. चौथ्या माणसाला त्यांनी तेच सांगितलं तेव्हा मी परात बाजूला सारून बाहेर आले.

"वर्षभर राबली म्हणून वेलीला विश्रांती. आणि मी?"

नाना गोंधळले. "तुला काय झालं? तब्येत बरी नाय का?"

"तब्येत चांगली आहे. मला समुद्रावर जायचंय."

हे सगळं मी अगदी सरळ मनाने बोलले असं नाही. त्यामागे एक कारस्थान होतं, आणि त्यात मी आणि अमोल होतो. अमोल आमचा एकुलता एक. शेतकीची पदवी घेऊन दोन वर्षं झाली, पण बागेत त्याचा अधिकार एवढाच, की नानांनी सांगितलं की पंप चालू करायचा आणि नानांनी सांगितलं की बंद करायचा. विहिरीकडचा एक एकर माझ्या पद्धतीने छाटू द्या, असं तो दोन हंगाम म्हणत होता. नाना म्हणायचे, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

होळीनंतर त्याला पुण्याच्या एका कंपनीतून नोकरीचं बोलावणं आलं. तो ते पत्र घेऊन माझ्याकडे स्वयंपाकघरात आला. "आई, सोमवारपर्यंत कळवायचंय. मला जायचं नाय. पण इथं राहून नुसता पंपाचा खटका दाबत बसायचं असेल, तर मी जातो. दोन दिवस नानांना कुठंतरी घेऊन जा. विहिरीकडचा एकर मी छाटतो. जमलं तर राहतो, नाय जमलं तर पुणे."

"आणि नाना भडकले तर?"

"तर पुणेच."

म्हणजे पोरगं घरात राहणार की नाही हे दोन दिवसांवर आलं होतं, आणि ते दोन दिवस नानांना बागेपासून लांब ठेवायचं काम माझ्याकडे होतं. याआधी ते कोणालाच जमलेलं नव्हतं, अगदी त्यांच्या अपेंडिक्सलासुद्धा. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी ते दवाखान्याच्या कपड्यांत फवारणी बघायला आले होते.

अमोलने मोबाइलवर जागा शोधल्या. गोवा लांब, अलिबाग महाग, मुरूडला खोली नाही. मग तो म्हणाला, दमण. पेठवरून खाली उतरलं की वापी, आणि तिथून पुढे दमण, छोटंसं बंदर. मी नानांना नाव सांगितलं आणि ते उडालेच. "दमण? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील हे संध्याकाळपर्यंत कळलं. आमच्याकडून दमणला जाणारा माणूस फक्त एकाच कामासाठी जातो असा सगळ्या तालुक्याचा ठाम विश्वास आहे, कारण तिथे दारू स्वस्त. नानांच्या गळ्यात तुळशीची माळ. आजूबाजूला वाइनचे कारखाने उभे राहिले तरी त्यांनी वाइनच्या द्राक्षाचा एक वेल लावला नाही. शेजारचे पांडूतात्या कुंपणापाशी येऊन हळूच म्हणाले, "नाना, एवढी वर्षं दम धरला आन् आता? जाऊ द्या. येताना आमच्यासाठी बी बघा." नाना घरात येऊन म्हणाले, "रद्द."

तेव्हा मी ठेवणीतला बाण काढला. दमणगंगा आमच्याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते आणि पश्चिमेला वाहत जाऊन दमणला समुद्राला मिळते. आमच्याकडे एप्रिलात टँकर, आणि आमच्या डोंगरातलं पाणी तिकडे खाली जातं, या एका विषयावर नाना ग्रामसभेत न थांबता बोलू शकतात.

मी म्हणाले, "एवढी वर्षं पाणी गेलं, पाणी गेलं म्हणता. ते जातं कुठे ते एकदा डोळ्यांनी तरी बघाल की नाही?"

नाना दारात जाऊन पश्चिमेकडच्या डोंगराकडे बघून आले. मग म्हणाले, "पहाटे पाचला निघू." नानांनी आपला फोन घरी ठेवायचा ही माझी अट होती. मजुरांचे फोन येतील, ते अमोल घेईल, असं मी सांगितलं. त्यांनी फोन अमोलच्या हातात दिला तेव्हा त्यांचा चेहरा मुलीला सासरी धाडल्यासारखा झाला होता.

शनिवार: घाटाखाली

आमच्याकडे गाडी म्हणजे पिकअप. द्राक्षांचे क्रेट वाहून वाहून तिला गंधकाचा कायमचा वास बसला आहे. माझी नवी साडी सावळ घाट उतरेपर्यंत फवारणी करून आल्यासारखी झाली. मागच्या हौद्यात माळ्यावरची बॅग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा कॅन आणि एक टिकाव होता. टिकाव कशाला, विचारलं तर नाना म्हणाले, "असू द्यावा."

पेठच्या पुढे डोंगर उतरू लागले तशी नानांची मान सारखी डावीकडे वळू लागली. दरीत जिथे जिथे पाण्याची रेघ दिसे तिथे ते गाडी हळू करून "आपलंच" म्हणत. कपराड्याच्या उतारावर ते इतक्या वेळा "आपलंच" म्हणाले की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून रडकुंडीला आला. वाटेत चहाला थांबलो. चहा चांगला होता, पण त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. नाना म्हणाले, पाणी आपलं आणि चहा यांचा असा.

दमणला आमच्या मुक्कामाच्या जागी वेगळाच गोंधळ झाला. फाटकावरच्या रखवालदाराने पिकअप बघितली आणि हात करून सांगितलं, "माल पीछे से." नाना शिस्तीचे. त्यांनी गाडी मागच्या दाराला लावली, आणि आम्ही स्वयंपाकघरातून, कांदे चिरणाऱ्या दोन बायकांच्या मधून, बॅग घेऊन आत शिरलो. मालकीणबाई रेखाबेन साठीच्या, गोल चेहऱ्याच्या, नाकात हिऱ्याची चमकी. त्यांची आई डहाणूकडची, म्हणून मराठी येत होतं. "भाजीवाले आले वाटलं मला," त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांनी आम्हाला चावीबरोबर दोन शहाळीसुद्धा दिली.

जेवायला गुजराती थाळी होती. नाना मासे खात नाहीत, त्यामुळे बंदरावर येऊन आम्ही वांगी-बटाटा खाल्ला. डाळीचा पहिला भुरका मारून नानांनी वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे वाकून विचारलं, "ही आमटी हाय का खीर?" मी चटणीची पुरचुंडी उघडली. त्यांनी डाळीत चमचाभर चटणी कालवली. ते बघून रेखाबेननीही थोडी मागून घेतली आणि पुढची दहा मिनिटं पाणी पीत बसल्या.

शनिवार दुपार: धक्का

दमण नदीमुळे दोन भागांत वाटलेलं आहे. अलीकडे नानी दमण, पलीकडे मोटी दमण. नावं ऐकून नाना खूश झाले आणि म्हणाले, नानी म्हणजे आपलीच. नदीकाठी धक्का, धक्क्याला लागून रंगीत होड्या, जाळी वाळत घातलेली, आणि मागे किल्ल्याची काळी भिंत. मला ते सगळं फार आवडलं. होड्यांवर निळे-हिरवे पट्टे, शिडांच्या जागी फडफडणारी छोटी निशाणं, आणि वाऱ्याला एक ओला खारट वास. मी नुसती बघत उभी राहिले.

नाना बघत नव्हते. ते मोजत होते. डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत त्यांची नजर तीनदा गेली. "बघ," ते म्हणाले. "एवढं. आपल्याकडं नळीतून थेंब थेंब सोडतो आपण वेलीला. आन् इथं बघ." 

जवळच एक म्हातारा खलाशी जाळं शिवत बसला होता. नाना त्याच्यापाशी गेले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "ये पानी हमारा है."

खलाशाने सुई थांबवली. नदीकडे बघितलं, नानांकडे बघितलं, पिकअपकडे बघितलं. "ले जाओ," तो म्हणाला आणि परत शिवू लागला.

नानांनी टोपी मागे सारली. मग त्याच्याच शेजारी बसून त्यांनी त्याला गाठ कुठे मारतो, दोरा कोणता वापरतो, असं सगळं विचारून घेतलं. त्याने त्यांना ताडगोळे खायला घातले. मी लांबून हे बघत होते आणि माझ्या पर्समध्ये फोन थरथरत होता.

मी किल्ल्याच्या भिंतीआड गेले. अमोल होता. "आई, मजुरांची टोळी आलीये. छाटणी चालू केली. पण काडीवर एक डोळा ठेवू का दोन? नानांना विचार. पण मी विचारलं असं सांगू नको."

डोळा म्हणजे जिथून नवी फूट येते तो कोंब. सत्तावीस वर्षं बागेत राहून एवढं मला कळतं. पण मी सत्तावीस वर्षांत नानांना छाटणीबद्दल एकही प्रश्न विचारलेला नाही. मी परत आले, पदर सारखा केला आणि नदीकडे बघत म्हणाले, "अहो, समजा एखाद्याने खरड छाटणी केली. तर तो एक डोळा ठेवेल की दोन?"

नानांच्या तोंडात ताडगोळा होता. "कोण एखादा?"

"असंच. समजा."

"एक," ते म्हणाले. "काडी कशी हाय त्याच्यावर हाय. पण एक."

मी भिंतीआड जाऊन सांगितलं. अर्ध्या तासाने परत फोन. कापलेल्या जागी औषधाची पेस्ट आजच लावायची की उद्या? मी परत "समजा एखाद्याने" असं करून विचारून आले. तिसऱ्यांदा, टोळीतला एक माणूस फार खोल कापतोय, त्याला कसं सांगू? तिसऱ्यांदा विचारताना मी "एखाद्याचा माणूस" म्हणाले, आणि नाना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "तुला आज लय प्रश्न पडायलेत," ते म्हणाले. मी म्हणाले, समुद्राच्या हवेने होतं तसं.

मला मात्र मनातून अमोलचा राग येत होता. ज्या माणसापासून सुटायला मला चार तास पिकअपमध्ये आदळत पाठवलं, त्यालाच हा दर अर्ध्या तासाने विचारतो.

शनिवार संध्याकाळ: समुद्र नसलेला किनारा

संध्याकाळी जांपोरच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूची झाडं, घोडे, उंट, मक्याची कणसं, सगळं होतं. फक्त समुद्र नव्हता. काळसर ओली वाळू दूरवर गेलेली, आणि पार पलीकडे एक बारीक चमकती रेघ.

नाना कपाळावर हात धरून बघत राहिले. "पाणी कुठं गेलं? कोणी व्हॉल्व बंद केला का काय?"

कणीसवाल्या बाईने सांगितलं, ओहोटी आहे, सकाळी या. नानांना हे पटलं नाही. मी चप्पल हातात घेऊन ओल्या वाळूत त्या रेघेकडे चालत राहिले. खूप चालले. रेघ तेवढीच लांब राहिली. शेवटी एका डबक्यात पाय बुडवून परत आले, आणि तरीही मला इतकं बरं वाटलं की ते सांगायला लाज वाटते. नाना वाळूत बसून हाताने चिमूट चिमूट उचलून चोळून बघत होते. "निचरा चांगला हाय," ते म्हणाले.

रविवार सकाळ: बाटल्या

सकाळी उठले तर नाना खोलीत नव्हते. मागच्या अंगणात रेखाबेनबरोबर उभे होते. तिथे रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता, आधीच्या पाहुण्यांची कृपा. नाना त्यातल्या निवडून नळाखाली धूत होते.

बागायतदार माणूस कुठेही गेला तरी तिथलं पाणी आणि माती तपासायला घेऊन येतो. हे व्यसनच आहे. नाना माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा विहिरीचं पाणी घेऊन गेले होते. आता त्यांना दमणगंगा नक्की कुठे खारट होते ते बघायचं होतं. पुलाखालचं, धक्क्याचं आणि समुद्राचं, असे तीन नमुने, प्रत्येकी दोन बाटल्या.

"अहो," मी म्हणाले, "या बाटल्या कसल्या आहेत ते बघितलंत का?"

"काचेच्या," नाना म्हणाले. "झाकण घट्ट बसतंय. प्लास्टिकमध्ये नमुना बिघडतो."

रेखाबेन तोंडाला पदर लावून आत गेल्या. नानांनी मार्करने लेबलांवरच मोठ्या अक्षरात १ पूल, २ धक्का, ३ समुद्र असं लिहिलं. त्यामागून सोनेरी अक्षरं छान दिसत होती.

पूल आणि धक्का आटपून मोटी दमणचा किल्ला बघितला. ह्या किल्ल्याच्या आत सरकारी कचेऱ्या आहेत, चर्च आहे, लोक राहतात, मुलं सायकली चालवतात. आमच्याकडच्या किल्ल्यांवर चढायचं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा, आणि इथे पिकअप घेऊन सरळ आत शिरता येतं. चर्चमध्ये लाकडावर सोन्याचं इतकं काम की नाना टोपी काढून उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आत लय गार हाय. द्राक्षं टिकतील."

मग तिसऱ्या नमुन्यासाठी परत जांपोर. नानांनी गाडी कालच्यासारखीच सुरूच्या झाडांपुढे, पक्क्या वाळूवर, अगदी शेताच्या बांधाला लावावी तशी लावली. आज समुद्र थोडा अलीकडे आला होता. आम्ही बाटल्या भरून आलो आणि बोनेटला टेकून दशम्या सोडल्या. तेवढ्यात फोन वाजला. माझे हात चटणीचे. मी पुसेपर्यंत नानांनी पर्समधून फोन काढून कानाला लावला.

त्यांच्या पलीकडे उभी असूनही मला अमोलचा आवाज ऐकू येत होता. त्याला वाटलं, मीच आहे.

"आई, ऐक. विहिरीकडच्या पाच ओळींचे ओलांडे थकलेत. जागोजागी डोळेच फुटत नायत. मला वाटतं आख्खे कापून नवीन धरावेत. पुढचा हंगाम त्या ओळींचा जाईल, पण नंतर दहा वर्षं बाग चालेल. टोळी थांबलीये. एकदा कापलं की परत चिकटवता येत नाय. नानांना विचार ना काहीतरी करून. ते हो म्हणाले तरच कापतो."

ओलांडा म्हणजे वेलीचा तारेवर आडवा धरलेला हात. त्या पाच ओळींचे हात मी आणि नानांनी धरलेले. सोळा वर्षांपूर्वी, मी सुतळीचे तुकडे कमरेला खोचून पुढे आणि नाना वाकवत मागे.  नानांचा चेहरा मला दिसत नव्हता, ते सुरूच्या झाडांकडे तोंड करून उभे होते.

"हॅलो," नाना म्हणाले.



"नाना?" अमोलचा आवाज बारीक झाला.

"हा. इथं वारा लय हाय. काय ऐकूच येत नाय." आणि त्यांनी फोन बंद केला. वारा अजिबात नव्हता.

मी म्हणाले, "तुम्हाला ऐकू आलं."

"आलं."

"मग?"

"मी असतो तर नसते कापले," नाना म्हणाले.

"मग तसं सांगा त्याला."

"सांगितलं तर ऐकेल तो. तेच तर." ते वाळूत पायाने रेघ मारत राहिले. "कालच कळलं मला. एखादा, एखाद्याचा माणूस. मला काय खुळा समजती? लय राग आला. रात्री वाटलं, गाडी काढावी आन् जावं. तुझ्याकडं बघून राहिलो."

मग मी त्यांना पुण्याचं सांगितलं. सोमवार, पत्र, सगळं. सांगताना मला रडू आलं, कारण मी सत्तावीस वर्षांत त्यांच्यापासून एवढं काही लपवलं नव्हतं. नाना ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आमचे दादा गेले तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली. तोवर मी बागेत एक काडी माझ्या मनानं कापली नव्हती. दादांच्या दहाव्याला सगळे रडत होते. मी बी रडत होतो. पण मनात येत होतं, आता मला कापता येईल. लय वाईट वाटलं होतं तेव्हा. आजबी वाटतं."

दादा म्हणजे माझे सासरे. हे त्यांनी मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. भर किनाऱ्यावर, घोडेवाल्यांसमोर. नानांनी तो सोडवला नाही.

"चुकला तर?" मी विचारलं.

"तर चुकेल. मी काय कमी चुकलो?"

एवढ्यात मला पायाला गार लागलं. खाली बघितलं तर दशम्यांचा डबा तरंगत होता. आम्ही जिथे उभे होतो तिथे समुद्र आला होता, आणि मागची दोन चाकं अर्धी पाण्यात होती. कालपासून ज्याला शोधत होतो तो असा पाठीमागून आला. नानांनी गाडी चालू केली तर चाकं जागच्या जागी फिरून आणखी रुतली. मग घोडेवाले, कणीसवाली, दोन कॉलेजची पोरं, सगळे धावले. नानांनी हौद्यातून टिकाव काढला आणि चाकापुढची वाळू उकरली. ते करताना त्यांनी माझ्याकडे एकदा जिंकल्यासारखं बघितलं. गाडी निघाली. डबा मात्र गेला. नाना म्हणाले, "घे बाबा, तेवढं तरी घे, पाणी तर घेतलंच हाय."

नाका

दमणची हद्द संपली की पुढे नाक्यावर गाड्या तपासतात, कारण गुजरातेत दारूबंदी. आमची पिकअप, मागे ताडपत्री, ताडपत्रीखाली क्रेट. पोलिसाने ताडपत्री उचलली. क्रेटमध्ये सहा बाटल्या, सोनेरी लेबलांच्या, गच्च भरलेल्या.

पोलिसाने नानांची माळ बघितली, बाटल्या बघितल्या. "काका," तो हिंदीत म्हणाला, "या वयात?"

"पानी है," नाना म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात."

"साहेब, नदी का पानी. लॅब में देना है. बाग के लिए."

पोलिसाने तीन नंबरची बाटली उघडली, वास घेतला, आणि खात्री करायला एक घोट घेतला. समुद्राचं पाणी होतं. त्याने ते लांब थुंकलं आणि बराच वेळ खोकत राहिला. मी कॅनमधलं गोडं पाणी दिलं. चूळ भरून तो दुसऱ्या बाटलीकडे वळला तसे नाना कळवळून पुढे झाले, "दोन नंबर नका पिऊ साहेब. धक्क्याचं हाय, डिझेल असंल त्यात."

सगळा नाका हसायला लागला. तो पोलीसही. पण बाटल्या लेबलांसकट जाऊ देता येणार नाहीत म्हणाला. नियम आहे, पुढेही कोणी धरेल. नानांनी वाद घातला नाही. एक एक बाटली उघडून त्यांनी रस्त्याकडेच्या एका वाळक्या लिंबाच्या बुंध्याशी ओतली. समुद्राच्या आणि धक्क्याच्या सोडून. त्या गटारात ओतल्या, कारण खारट पाण्याने आणि डिझेलने झाड मरतं.

घरी

दिवस मावळायच्या आत पोचलो. वाटेत अमोलचा एकही फोन आला नव्हता आणि मी केलाही नव्हता. नाना फाटकाशी गाडी उभी करून घरात न जाता सरळ विहिरीकडे गेले. मी मागोमाग.

पाचही ओळी कापलेल्या होत्या. नुसते बुंधे उभे, आणि तारा मोकळ्या. सोळा वर्षांचे ते जाड हात बांधावर रचून ठेवलेले. अमोल ढिगाशेजारी उभा होता. कपड्यांवर पेस्टचे डाग, आणि डोळे रात्रभर न झोपल्यासारखे.

नाना ओळीतून चालत गेले. प्रत्येक बुंध्यापाशी थांबले. एका ठिकाणी काप तिरका होता, तिथे अंगठा फिरवला. मला वाटलं, आता बोलणार. मला नाशिकपासून पुण्यापर्यंतचा सगळा रस्ता दिसायला लागला.

"नाना," अमोलच म्हणाला शेवटी, "बरोबर केलं का?"

नाना त्याच्याकडे वळले. "मला काय विचारतो? मी दमणला होतो."

अमोलने हातातली कात्री बांधावर ठेवली. मग खिशातून फोन काढून विहिरीच्या कठड्यापाशी गेला. कोणा साहेबांशी इंग्रजीत बोलला. सर, सॉरी, सर, असं काहीतरी ऐकू येत होतं. परत आला.

"काय म्हणाले पुण्याचे?" नानांनी विचारलं.

"म्हणाले, नीट विचार करा."

"मग?"

"म्हटलं, केला."

नाना "बरं" म्हणाले आणि पाय धुवायला विहिरीच्या नळावर गेले. नळ सोडला, आणि पाय तसेच ठेवून बराच वेळ तोंडच धूत राहिले. पाणी वाया जातंय हे त्या दिवशी त्यांना कोणी सांगितलं नाही.